हिंडलगा जेलात भावाला भेटायचंय, गेटवरनं परत पाठवलं, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. धाकटा भाऊ हिंडलग्यात आहे, केस बेळगावची, तुमचं सासर चंदगड तालुक्यात, एवढ्या लांबनं गेलात तर गेटवरनं "यादीत नाव नाही" म्हणून माघारी पाठवलं, आणि आता ओळखीतला कोणीतरी म्हणतोय दोन हजार द्या, मोठ्या साहेबांची परमिशन काढून देतो. पहिलं सांगायचं म्हणजे त्या माणसाला एक रुपया देऊ नका. भेटीला फी नसते, आणि तुमची जी अडचण आहे ती मोठ्या साहेबापर्यंत न्यायची गरजच नाही, खिडकीवर सुटणारी आहे. मी बेळगाव कोर्टात क्रिमिनलची कामं करतो, लीगल एडच्या (गरजूंना सरकारतर्फे फुकट वकील देतात त्या) पॅनलवर पण बरीच वर्षं आहे, जेलला जाणं-येणं चालूच असतंय, आणि गेटवरनं डोळे पुसत परत जाणारी जी माणसं बघतो त्यातली बहुतेक कुठला कडक नियम आडवा आला म्हणून नाही तर कागदावरचं नाव जुळत नाही म्हणून परत जातात.

लोकांचा समज असा की परवानगी बाहेरनं अर्ज टाकून मिळवायची. पण ती सुरू होते आतनं. माणूस पहिल्या दिवशी जेलात दाखल होतो तेव्हा त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा हे सगळं लिहून घेतात, डॉक्टर तपासतो, आणि तेव्हाच विचारतात तुला भेटायला कोण कोण येणार, त्यांची नावं सांग, फोन नंबर सांग. आता तुम्हीच विचार करा, पोरगं दिवसभर कोर्टात उभं राहिलेलं, संध्याकाळी पोलीस व्हॅनमधनं आणून सोडलेलं, पोटात अन्न नाही, समोर कन्नडमधनं भराभर विचारायलेत, ते काय सांगणार, आईचं नाव सांगतं आणि गप्प होतं. लग्न झालेली बहीण त्याच्या डोक्यात येतच नाही तेव्हा. तुमच्या भावाचं पण असंच झालं असणार, राग धरू नका. यादी काय दगडावरची रेघ नसते, त्यानं आतनं सांगितलं की नाव वाढवता येतं. आई पुढच्या वेळी भेटायला जाईल तेव्हा तिच्याकडनं निरोप द्या की "ताईचं नाव लिहून दे, आधारवर आहे तसंच", किंवा त्याचा वकील जाणार असेल तर त्याला सांगा, किंवा आतनं फोन येत असेल (नंबर आधी नोंदवून घेतलेला असतोय, त्याच नंबरवर येतो) तर फोनवर सांगा. कोर्टात तारखेला आणतात तेव्हा पण सांगता येतं, पण हल्ली बऱ्याच तारखा व्हिडिओवरच उरकतात त्यामुळे त्याच्या भरवशावर बसू नका.

त्याच्याही आधी एक खात्री करून घ्या की तो खरंच जेलात आहे, पोलीस कस्टडीत नाही. हे सांगायचं कारण असं की नवीन कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासनं जुन्या सीआरपीसीच्या जागी जी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झालीय तिच्या कलम १८७ खाली पोलीस कस्टडीचे १५ दिवस पहिल्या पंधरवड्यातच घ्यायला पाहिजेत असं राहिलेलं नाही, केस कसली आहे त्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्या-तुकड्यानं पण घेता येतात. म्हणजे जेलात गेलेला माणूस कोर्टाच्या ऑर्डरनं परत स्टेशनला येऊ शकतो आणि घरचे तिकडे हिंडलग्याच्या गेटवर उभे. पोलीस कस्टडीत असताना जेलची यादी-बिदी काही चालत नाही, तिथे वकिलाला चौकशीच्या काळात भेटायचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये दिलाय, घरच्यांनी भेटायचं तर तपास अधिकाऱ्याला विचारायचं नाहीतर मॅजिस्ट्रेटपुढे वकिलाकडनं अर्ज द्यायचा. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी वकिलाला एक फोन करून विचारा, आज कुठं आहे, उद्या कोर्टाची तारीख आहे का, दवाखान्याला न्यायचं आहे का. एवढ्या एका फोननं एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचते.

आता नावांचा घोळ. आमच्या भागात ह्याच्यावर वेगळं पुस्तक लिहिता येईल. एक उदाहरण देतो. घरी सगळे परशराम म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर परशुराम, एफआयआर कन्नडमध्ये लिहिताना पोलिसांनी तिसरंच काहीतरी केलं, त्यावरनं इंग्रजीत वॉरंट झालं तेव्हा आडनाव गेलं आणि नुसतं बापाचं नाव राहिलं. आता बहीण खिडकीवर जाऊन परशुराम पाटील सांगते, कॉम्प्युटरमध्ये परशराम यल्लाप्पा आहे, तिथला माणूस म्हणतो असा कोण नाही आत. खोटं बोलत नाही तो, त्याला दिसतच नाही. म्हणून नावापेक्षा नंबर धरा. कर्नाटकात कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे त्याला, यूटीपी (अंडरट्रायल प्रिझनर) नंबर असतो आणि शिक्षा झालेल्याला सीटीपी नंबर. तो नंबर आईकडनं किंवा वकिलाकडनं घ्या आणि एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, त्याच्याखाली गुन्हा नंबर, पोलीस स्टेशन, बापाचं नाव. ही चिठ्ठी खिडकीत सरकवली की कन्नड येत नसलं तरी काम होतं. तसं गेटवरच्या बऱ्याच जणांना मराठी कळतं, न बोलता ऐकून घेतात एवढंच. फॉर्म कन्नडमध्ये असला तर घाबरू नका, बाहेर बसलेल्यांपैकी कोणीतरी भरून देतं, फक्त सही करायच्या आधी नातं काय लिहिलंय ते विचारून घ्या, "बहीण" लिहा म्हटलेलं असताना "ओळखीची" लिहिलेलं मी बघितलंय आणि ओळखीच्या माणसाला परत पाठवणं फार सोपं असतंय.

दुसरा घोळ तुमचा स्वतःचा असणार. लग्नानंतर आधार बदललंय का? बदललं असेल तर त्यावर नवऱ्याचं नाव आणि चंदगडचा पत्ता, म्हणजे भावाशी नातं दाखवणारं त्यात काहीच नाही. बदललं नसेल तर माहेरचं नाव आहे, पण मग भावानं आतनं सासरच्या नावानं सांगितलं तर परत जुळत नाही. पत्ता महाराष्ट्रातला आहे म्हणून भेट नाकारता येत नाही, कोणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. नातं दाखवायला माहेरचं जुनं रेशनकार्ड (जिथे तुम्हा दोघांची नावं एका खाली एक आहेत), शाळा सोडल्याचा दाखला ज्यात बापाचं नाव आहे, लग्नाचा दाखला, ह्यातलं जे हाताला लागेल त्याची झेरॉक्स आणि ओरिजिनल दोन्ही घ्या. मोबाईलमधला फोटो दाखवतो म्हणू नका, मोबाईल आत नेताच येत नाही, मग दाखवणार कुठनं.

ऑनलाइन पण करता येतं, आणि तुमच्यासारख्या लांबच्या माणसानं तेच आधी करावं असं माझं मत. ई-प्रिझन्सची सरकारी वेबसाइट आहे, एनआयसीनं (केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर खात्यानं) केलेली, त्यात ई-मुलाकात म्हणून भाग आहे. गॅस बुकिंग करता तेवढंच ते अवघड. तुमचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, वय, ओळखपत्राचा नंबर, मोबाईल, ईमेल, आणि खाली ज्याला भेटायचं त्याचं राज्य, जेल, नाव, बापाचं नाव, वय, नातं. इथे आपल्या सीमेवरची माणसं हमखास चुकतात ती राज्याच्या ठिकाणी, स्वतः महाराष्ट्रातले म्हणून तिथे पण महाराष्ट्र निवडतात आणि मग लिस्टमध्ये हिंडलगा सापडत नाही म्हणून सोडून देतात. वरचं राज्य तुमचं, खालचं राज्य जेलचं, म्हणजे कर्नाटक, आणि मग बेळगाव सेंट्रल प्रिझन, तेच हिंडलगा. बरोबर आणखी कोण येणार असेल तर त्यांची नावं त्याच नोंदणीत घालायची, आयत्या वेळी वहिनी पण आली, काका पण आले असं चालत नाही. ओटीपी येतो, तो घातला की रजिस्ट्रेशन नंबर मिळतो, पण रजिस्ट्रेशन म्हणजे मंजुरी नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. जेलवाल्यांनी तिकडनं मंजूर केल्यावर वेगळा मेसेज येतो तारीख-वेळेचा, तो आल्याशिवाय बसमध्ये बसू नका. त्याच ठिकाणी प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ भेट असं विचारतात. व्हिडिओची मंजुरी आली की लिंक आणि पिन येतो, घरात बसून बोलता येतं. पहिल्यांदा तुम्ही समोर जाऊन भेटा, पोरगं धड आहे का ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय जीव राहत नाही माणसाचा, पण नंतर एक आड एक व्हिडिओ ठेवली तर पैसे पण वाचतात आणि म्हातारे आईवडील पण बोलू शकतात.

भेटींचा हिशोब कसा असतो ते घरात सगळ्यांना समजावून सांगा, कारण गेटवर भांडणं ह्याच्यावरनंच होतात. भेट मोजतात ती कैद्याच्या नावावर, भेटणाऱ्याच्या नाही. कच्च्या कैद्याला साधारण आठवड्याला आणि पक्क्याला त्याहून लांबच्या अंतरानं, आणि त्या त्या वेळी जो नियम चालू असेल तो गेटजवळच्या बोर्डवर लिहिलेला असतोय. खानापूरकडची एक म्हातारी मी बघितली, डब्यात भाकरी आणि झुणका बांधून पहाटे निघालेली, आणि सून माहेरच्या माणसांबरोबर आदल्या दिवशीच भेटून गेलेली. दोघी एका घरात राहत नाहीत, एकमेकींशी बोलत नाहीत, म्हातारीला कळणार कसं. ती तिथल्या हवालदारालाच शिव्या द्यायला लागली, त्याचा काय दोष सांगा. शेवटी अधीक्षकांना भेटून, वय बघून पाच मिनिटं मिळाली पण ती त्यांच्या मर्जीवर, हक्कानं नाही. आणि भाकरी बाहेरच राहिली. तुमच्याकडे पण आई, वहिनी आणि तुम्ही अशा तिघी असाल तर आधी फोनवर ठरवा, शक्यतो एकाच नोंदणीत तिघी जा.

डब्याचं निघालं म्हणून सांगतो, घरचं जेवण असं हातानं आत जात नाही. कच्च्या कैद्याला बाहेरनं जेवण-कपडे घेता येतात असं कायद्यात आहे पण ते परवानगीनं, जेवणासाठी बहुतेक वेळा कोर्टाची ऑर्डरच आणायला लागते आणि ती ऑर्डर आजारपण असल्याशिवाय सहजासहजी मिळत नाही. कपडे चालतात, कच्चा कैदी स्वतःचेच कपडे घालतो, साधे द्या. गोळ्या-औषधं खिशात घालून द्यायला जाऊ नका, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जा, ती जेलच्या डॉक्टरकडे जाते आणि ते बघून काय ते ठरवतात. शुगर-बीपीचं पेशंट असेल तर ही चिठ्ठी पहिल्याच भेटीत द्या. पैसे हातात देता येत नाहीत, त्याच्या नावावर आत खातं असतं त्यात जमा करायचे, कॅन्टीनमधनं तो साबण-बिस्किट घेतो. आणि तंबाखू, गुटखा, विडी, सिमकार्ड असलं काही कोणी "एवढं नेऊन दे गं" म्हणून तुमच्या पिशवीत घालत असेल तर पिशवीच घरी ठेवा. सापडलं तर भेट गेली ती गेलीच, वर गुन्हा दाखल होतो आणि भावाच्या जामिनाला पण ते आडवं येतं. झडती घेतात, बायकांची बायकाच घेतात, दुसऱ्या भेटकऱ्यासमोर घ्यायची नाही असा नियम आहे. झडती देणार नाही म्हणालात तर आत सोडत नाहीत, तेवढा अधिकार त्यांना आहे.

वाट तुम्हाला माहीतच असेल, चंदगडहून शिनोळी, बाची, सुळगा करत जी बस बेळगावला येते ती हिंडलग्यावरनंच जाते, पार सीबीटीपर्यंत (बेळगावच्या मुख्य बसस्टँडपर्यंत) जाऊन परत यायची गरज नाही. सकाळी लवकर पोचा, नोंदणी बंद झाली की मग कितीही हातापाया पडा. रविवारी आणि सरकारी सुट्टीला जाऊ नका, आणि सुट्ट्या कर्नाटकच्या बघा. तुमच्याकडच्या कॅलेंडरवर १ मे लाल असतो तसा इकडे १ नोव्हेंबर लाल, राज्योत्सवाची सुट्टी, आणि आपल्या माणसांचा त्या दिवशी सीमाप्रश्नाचा काळा दिवस, म्हणजे ऑफिस पण बंद आणि गावात बंदोबस्त पण.

आत भेट कशी होते तर मध्ये जाळी किंवा काच, बाजूला दुसरी माणसं ओरडून बोलायलेली, वेळ थोडा, त्यात पहिली दोन मिनिटं रडण्यात जातात. म्हणून काय विचारायचं ते मनात ठरवून जा. तब्येत, मारहाण झालीय का, वकील कोण, पुढची तारीख, कोणाचा निरोप. केसबद्दल बोलू नका. कोण होतं, काय झालं, कोणाला काय सांगायचं, हे अजिबात नको, शेजारी कर्मचारी उभा असतोय आणि ऐकणं हे त्याचं कामच आहे. ते सगळं वकिलाला सांगू दे, वकिलाची भेट वेगळी असते, तुमच्या कोट्यात धरत नाहीत.

आता समजा सगळं बरोबर करून पण नाकारलं, तर आधी कारण विचारा. भाऊ त्या दिवशी कोर्टाला किंवा दवाखान्याला गेला असेल, दुसऱ्या जेलला हलवला असेल (धारवाड, विजयपूर, बळ्ळारी असं कुठेही हलवतात), आत काही भानगड करून शिक्षा म्हणून भेट बंद केली असेल, किंवा त्यानं स्वतःच नको म्हटलं असेल. हे शेवटचं घरच्यांना फार लागतं पण असं होतं, लाज वाटते पोरांना, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तयार होतात. तुम्ही त्याच केसमध्ये साक्षीदार असाल किंवा आरोपी असून जामिनावर असाल तर मात्र भेटायचा प्रयत्न करायच्या आधी वकिलाला विचारा, तो विषय वेगळा आहे, तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

ह्यातलं काहीच नसेल आणि नुसतं "नाही म्हणजे नाही" असेल तर तोंडी वाद घालू नका. अधीक्षकांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा, कैद्याचं नाव, नंबर, तुमचं नातं, किती तारखेला आला होता आणि काय कारण सांगितलं. दोन प्रती, एकीवर शिक्का घ्या. शिक्का मागितला की निम्मी कामं तिथंच होतात असा माझा अनुभव. त्यातनं नाही झालं तर बेळगाव कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे तोच अर्ज द्या, त्यांचे वकील आणि स्वयंसेवक जेलला जातच असतात, आत जाऊन विचारतात. तिसरी पायरी ज्या कोर्टात केस आहे तिथे अर्ज, आणि अगदीच वेळ आली तर धारवाडचं हायकोर्ट खंडपीठ, पण साध्या बहीण-भावाच्या भेटीसाठी तिथपर्यंत जावं लागणं विरळच. कायदा तुमच्या बाजूनं आहे. सुप्रीम कोर्टानं सुनील बत्राच्या दुसऱ्या निकालात (डिसेंबर १९७९ चा, रिपोर्टात १९८०) घरच्यांच्या भेटी हा कैद्याचा मोठा आधार असतो असं स्पष्ट म्हटलंय आणि १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिनच्या निकालात घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हे घटनेच्या कलम २१ मध्येच येतं असं धरलंय, ते तर बिगरखटला स्थानबद्ध केलेल्या बाईच्या बाबतीत. अर्जात ही दोन नावं घाला, पण गेटवरच्या हवालदाराला सुनावू नका, त्याचा काही उपयोग होत नाही.

ज्यांचं माणूस कोल्हापूरला कळंब्यात किंवा गोव्यात कोलवाळला आहे त्यांनी वर लिहिलेलं जसंच्या तसं धरू नये. ई-मुलाकातची वेबसाइट तीच, पण जेल त्या त्या राज्याचं, भेटीचे दिवस आणि काय आत नेता येतं ते त्या जेलच्या नियमानं.

तुमच्या भावाला वकील आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पहिल्या भेटीत तेच विचारा. नसेल तर कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली, उत्पन्न किती ते बघत नाहीत, १५१०० ला फोन केला तरी चालतो किंवा त्यानं आतल्या लीगल एडच्या टेबलवर नुसतं सांगितलं तरी अर्ज लिहून घेतात. आणि जामीन झाला तर जामीनदार म्हणून तुम्हाला उभं राहायचं असेल तर सात-बारा चंदगडचा आहे, दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून काहीजण नाक मुरडतील. १९७८ मध्ये मोतीरामच्या केसमध्ये नेमकं हेच झालं होतं, जामीनदार सख्खा भाऊ होता आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला होता, सुप्रीम कोर्टानं ते चुकीचं ठरवलं. वकिलाला हे नाव आत्ताच लिहून द्या आणि सात-बाराचा ताजा उतारा काढून ठेवा.